मोटारीचा स्पार्क प्लग : निवड आणि बदल

तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या कार्यालयाची मोटार दुरुस्तीस निघाली, की मागणीपत्रात 'स्पार्क प्लग, नग ४' एवढीच नोंद पुष्कळदा आढळते. प्लग कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या इंजिनासाठी, त्यांची फट किती, याचा उल्लेख नसतो. मग दरपत्रके येतात, सर्वांत कमी दराचे मान्य होते आणि जे प्लग छिद्रात बसले ते योग्य समजले जातात. टायर मागविताना नुसते 'टायर, नग ४' असे कोणी लिहीत नाही; तेथे माप लिहावेच लागते, कारण चुकीच्या मापाचा टायर चाकावर चढतच नाही. प्लगची गोष्ट निराळी आहे. चुकीचा प्लगही पुष्कळदा आट्यांत नीट बसतो, इंजिन सुरू होते, गाडी पळते आणि चूक उघडकीस येते ती काही हजार किलोमीटरनंतर. तीही दुसऱ्याच एखाद्या महागड्या भागाच्या दुरुस्तीच्या रूपाने.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. डिझेलवर चालणाऱ्या जीपगाड्या, रुग्णवाहिका व ट्रॅक्टर यांच्या इंजिनांत स्पार्क प्लग नसतो. तेथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. काही डिझेल इंजिनांत 'ग्लो प्लग' असतो, पण त्याचे काम थंड इंजिन सुरू होण्यापुरते, सिलिंडर तापविण्याचे असते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर या दोहोंचीही गरज उरलेली नाही. येथील विवेचन पेट्रोल आणि सीएनजी यांवरील वाहनांपुरते आहे. कार्यालयीन मोटारी, ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांच्या लहान घंटागाड्या यांपैकी पुष्कळशी वाहने या वर्गात मोडतात.

ठिणगीचे काम

विजेच्या ठिणगीने इंधन पेटविण्याची कल्पना जुनी आहे. लेन्वार याने १८६० मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या गॅस इंजिनात ती वापरली होती. परंतु वेगाने फिरणाऱ्या मोटार इंजिनाला पुरेल अशी खात्रीची ठिणगी मिळू लागली ती १९०२ मध्ये. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी त्या वर्षी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. आजचा प्लग दिसावयास त्याच वंशातला आहे. मध्ये धातूची कांडी, तिच्याभोवती पांढरे निरोधक कवच, बाहेर आटे असलेले पोलादी अंग आणि खाली वाकविलेला एक दांडा. कांडी व दांडा यांच्यामधील लहानशा फटीतून ठिणगी उडते. पांढरे कवच अजूनही 'चिनी मातीचे' म्हणून ओळखले जाते. वस्तुतः ते आता अॅल्युमिनाचे असते, कारण त्याला वीज अडवावयाची असते आणि उष्णताही वाहून न्यावयाची असते.

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. इग्निशन कॉइल तो वाढवून काही हजारांवर नेते. जुन्या गाड्यांत तो १५ ते २० हजार व्होल्टपर्यंत जाई, नव्या गाड्यांची कॉइल ३० हजारांच्याही पुढे जाऊ शकते. प्रत्यक्षात किती दाब लागेल हे फट किती रुंद आहे, टोके किती धारदार आहेत आणि सिलिंडरातील वायू किती दाबला गेला आहे यांवर ठरते.

या कामाचे प्रमाण किती, याचा हिशेब शाळेच्या फळ्यावरही मांडता येईल. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगवर मिनिटाला १,००० ठिणग्या उडतात. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर २०,००० किलोमीटरला ५०० तास, म्हणजे ३०,००० मिनिटे लागतात. एवढ्या अवधीत एका प्लगवर ३ कोटी ठिणग्या उडून जातात. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण घेऊन जाते. टोकांच्या कडा बोथट होतात, फट रुंदावते आणि कॉइलला अधिकाधिक दाब द्यावा लागतो. एक दिवस चढावर, भरल्या गाडीत, तो दाब अपुरा पडतो आणि ठिणगी चुकते.

उष्ण प्लग आणि शीत प्लग

निवडीच्या बाबतीत सर्वांत अधिक गैरसमज येथे आहेत. 'उष्ण' प्लग म्हणजे अधिक प्रखर ठिणगी देणारा प्लग नव्हे. ठिणगीचा आणि या नावाचा काही संबंध नाही. प्लगचे आतील टोक ज्वालेत राहते; तेथील उष्णता निरोधक कवचातून पोलादी अंगाकडे व तेथून सिलिंडर हेडमधील थंड पाण्याकडे जाते. कवचाचे नाक लांब असेल, तर ही वाट लांबते आणि टोक तापलेले राहते. हा उष्ण प्लग. नाक आखूड असेल, तर उष्णता लवकर निघून जाते; हा शीत प्लग.

टोकाचे तापमान साधारणतः ५०० ते ८५० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहावे, अशी अपेक्षा असते. त्याखाली गेले तर टोकावर बसणारी काजळी जळून जात नाही. ती साचते आणि वीज फट ओलांडण्याऐवजी काजळीवरूनच निसटते. त्यापेक्षा बरेच वर गेले तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वेळ येण्यापूर्वीच मिश्रण पेटविते. दट्ट्या अजून वर येत असताना वरून स्फोटाचा दाब बसतो. अशा पूर्वज्वलनाने दट्ट्याच्या माथ्याला भोक पडल्याची उदाहरणे कार्यशाळांना अपरिचित नाहीत. थोडक्यात, अति शीत प्लगने गाडी बंद पडते, अति उष्ण प्लगने इंजिन जाते. दोन चुकांमध्ये दुसरी कितीतरी महाग आहे.

गाडी कोठे व कशी चालते याचाही येथे संबंध येतो. दिवसभर गावातल्या गावात, थांबत थांबत, रिकाम्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीच्या प्लगवर काजळी अधिक बसते. कसारा किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने वारंवार चढणाऱ्या वाहनाचा प्लग अधिक तापतो. तथापि एवढ्यावरून चालकाने स्वतःच्या अंदाजाने उष्णतामान बदलू नये. निर्मात्याने ठरविलेला प्लग या दोन्ही परिस्थिती लक्षात घेऊनच ठरविलेला असतो. गावातील गाडीची काजळी घालविण्यास आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नेणे पुष्कळदा पुरते.

आकड्यांची उलटी चाल

प्लगवरील अक्षरे व आकडे निरर्थक नसतात. एनजीके या जपानी बनावटीच्या 'बीपीआर६ईएस-११' या क्रमांकाचे उदाहरण घ्यावे. 'बी' म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर व पाना २०.८ मिलिमीटरचा. 'पी' म्हणजे निरोधकाचे टोक बाहेर आलेले. 'आर' म्हणजे आत सुमारे ५ हजार ओहमचा रोध बसविलेला. '६' हे उष्णतामान. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर; तेथे 'एच' असता तर ती १२.७ झाली असती. शेवटचे '११' म्हणजे फट १.१ मिलिमीटर. यातील एकही अक्षर कमी-अधिक झाले, तर तो प्लग दुसऱ्या इंजिनाचा झाला.

खरा घोटाळा उष्णतामानाच्या आकड्यात आहे. एनजीके व डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा, तितका प्लग शीत. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा, तितका प्लग उष्ण. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा 'मायको' प्लग आपल्याकडे घरोघर ठाऊक होता. तो बॉशच्याच पद्धतीचा. ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. एनजीकेचा ६ हा सामान्यतः बॉशच्या ७ च्या व डेन्सोच्या २० च्या बरोबरीचा धरला जातो. एनजीकेचा ५ बॉशच्या ८ शी जुळतो, तर एनजीकेचा ७ बॉशच्या ६ शी. आता समजा, एनजीकेचा ५ क्रमांकाचा प्लग हवा असताना दुकानात बॉशचा ५ क्रमांकाचा मिळाला आणि 'आकडा तोच आहे' म्हणून तो घेतला गेला, तर प्रत्यक्षात कितीतरी अधिक शीत प्लग गाडीत बसला. उलट बाजूने, एनजीकेच्या ८ च्या ठिकाणी बॉशचा ८ बसविला, तर जो अनर्थ व्हावयाचा तो उष्णतेचा. बनावट बदलावयाची असेल, तर दोन्ही कंपन्यांचा तुल्य क्रमांकांचा तक्ता पाहिल्याखेरीज बदलू नये. आकड्याला आकडा जुळविणे ही पद्धत येथे चालत नाही.

आट्यांची लांबी ही दुसरी जपण्याची बाब आहे. १९ मिलिमीटरच्या छिद्रात १२.७ मिलिमीटरचा प्लग सहज बसतो. परंतु ठिणगी मग खोबणीतच उडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन बसतो. पुढे योग्य प्लग बसवावयास गेले, तर तो अर्ध्यातच अडतो. उलट आखूड छिद्रात लांब प्लग गेला, तर तो दट्ट्यावर किंवा झडपेवर आदळू शकतो. क्रमांकातील 'आर' गाळला जाणे त्या मानाने क्षुल्लक वाटेल. जुन्या गाड्यांत त्यामुळे रेडिओत खरखर येई, एवढेच. आजच्या गाडीत मात्र इंजिनाचा सारा कारभार एक लहानसा संगणक पाहतो आणि ठिणगीच्या विद्युतलहरी त्याच्या कामात व्यत्यय आणू शकतात. तेव्हा रोध असलेल्या प्लगच्या जागी साधा प्लग घालू नये.

टोकाचा धातू कोणता, हा खर्चाचा प्रश्न आहे. साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते व त्याचे आयुष्य सामान्यतः २० ते ३० हजार किलोमीटर धरले जाते. प्लॅटिनम व इरिडियम यांच्या टोकाचे प्लग पुष्कळ गाड्यांत ८० हजार ते १ लाख किलोमीटर चालतात. निकेल १,४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ ला, तर इरिडियम २,४४६ ला. यामुळे इरिडियमची कांडी अर्ध्या मिलिमीटरइतकी बारीक ठेवता येते आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबात उडते. ज्या गाडीला निर्मात्याने इरिडियम ठरविला आहे, तिला स्वस्त म्हणून निकेलचा प्लग घालणे ही काटकसर नव्हे. त्याचप्रमाणे ज्या जुन्या गाडीला निकेल पुरतो, तिला महाग प्लग घातल्याने पेट्रोलची लक्षणीय बचत होईल, ही विक्रेत्याची भाषा झाली.

सीएनजीवरील वाहनांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. दाबलेल्या वायूतून ठिणगी उडविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो आणि पेट्रोलच्या थेंबांमुळे मिळणारा गारवाही येथे नसतो. त्यामुळे प्लग लवकर झिजतात, निरोधक कवचाला किंवा रबरी टोपीला सूक्ष्म तडा असला, तर पेट्रोलवर सुरळीत चालणारी गाडी वायूवर अडखळू लागते, आणि दोष मात्र वायूच्या संचाला दिला जातो. वायूसाठी निर्माता कित्येकदा कमी फट किंवा वेगळा प्लग सुचवितो. वायूचा संच बाहेरून बसवून घेतला असेल, तर तो बसविणाऱ्याकडून प्लगचा क्रमांक लेखी घ्यावा.

जुन्या प्लगची साक्ष

काढलेला प्लग लगेच फेकून देऊ नये. सिलिंडरात काय चालले आहे, हे डोळ्यांनी पाहण्याचे याहून स्वस्त साधन नाही. प्लग काढताना ते सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडावेत आणि उजेडात पाहावेत. नाकावर फिकट तपकिरी किंवा करडी झाक असेल, तर सर्व ठीक आहे. कोरडी, मऊ, काळी काजळी असेल, तर इंधन जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर धुळीने तुंबला आहे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे विशेष आढळते. ओला, तेलकट काळेपणा असेल, तर दट्ट्याच्या रिंगांवरून किंवा झडपांच्या गाइडमधून तेल आत येत आहे आणि नवा प्लगही लवकरच तसाच होणार. पांढरेफटक, फोड आलेले नाक अति उष्णतेचे चिन्ह आहे; अशा वेळी प्लगचा क्रमांक, थंड पाण्याची व्यवस्था आणि इंधनाचा पुरवठा हे तिन्ही तपासल्याशिवाय गाडी पुन्हा घाटात नेऊ नये. तांबूस थर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या धातूयुक्त द्रव्यांमुळे बसतो.

चारही प्लग सारखे काळे असतील, तर दोष सर्व सिलिंडरांना समान असलेल्या भागात शोधावा. तीन स्वच्छ आणि एकच काळा असेल, तर दोष त्या एका सिलिंडरचा, त्याच्या कॉइलचा किंवा तारेचा. एवढा साधा तर्कही अनेक निष्फळ दुरुस्त्या वाचवू शकतो.

अँबॅसडर व पद्मिनी यांच्या काळात प्लग काढून, पॉलिश कागदाने घासून, फट ठोकून पुन्हा बसविणे हे चांगल्या चालकाचे लक्षण मानले जाई. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याचा थर टोकावर बसे आणि तो काढणे भागच होते. देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये आले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. घासण्याची सवय मात्र काही कार्यशाळांत टिकून आहे. तारेच्या ब्रशाने घासल्यास धातूचे कण निरोधकावर चिकटतात व तेथूनच वीज निसटते. इरिडियमचे टोक तर एका घासण्यात मोडते.

चुकलेल्या ठिणगीची खरी किंमत आज वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. पेट्रोल मोटारींना धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक संच, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असतो. चार महानगरांतील नव्या गाड्यांना तो १९९५ मध्ये लागू झाला आणि पुढे सर्वत्र आला. ठिणगी चुकली, की न जळलेले पेट्रोल त्या संचात जाऊन तेथे जळते, आतील जाळी वितळते आणि संच निकामी होतो. त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक जोड येतील. म्हणून समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला व गाडी हिसके देऊ लागली, तर 'पोहोचू कसेतरी' असे न म्हणता वेग कमी करावा व पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. हा दिवा स्थिर असणे आणि उघडझाप करणे यांतील फरक प्रत्येक कार्यालयीन चालकाला सांगितलेला असावा.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावा. हेड अॅल्युमिनियमचे असते. गरम असताना पोलादी प्लग उपटला, तर आटे त्याच्याबरोबर येतात. किल्ली काढून घ्यावी. तार ओढू नये, तिची टोपी धरून ओढावी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर प्रथम तिची विद्युतजोडणी सोडवावी. प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या खोबणीतील धूळ हवेने उडवून द्यावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरात पडते. कॉम्प्रेसर नसेल तेथे सायकलचा पंपही हे काम करतो. खोबणीत तेल साचलेले आढळले, तर वरच्या झाकणाचे गॅस्केट बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

नव्या प्लगची फट तारेच्या गेजने तपासावी. कंपनीने ठेवलेली फट वाहतुकीत हलू शकते. फट कमी-जास्त करताना फक्त बाहेरचा दांडा वाकवावा, मधल्या कांडीवर कशाचाही टेकू देऊ नये. जो प्लग हातातून फरशीवर पडला, तो वापरू नये. कवचातील तडा बाहेरून दिसत नाही.

बसविण्याची सुरुवात पान्याने कधीही करू नये. प्लगच्या वरच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवावा आणि त्या नळीने प्लग फिरवीत आत न्यावा. आटे तिरके लागले, तर नळी प्लगवर घसरते आणि चूक तेथेच कळते; पान्याला मात्र काहीच कळत नाही. प्लग हाताने शेवटपर्यंत गेल्यावर मगच पाना लावावा. १४ मिलिमीटरच्या, वॉशर असलेल्या नव्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर आवळणी पुरेशी होते. आवळणी मोजणारा पाना नसेल, तर हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. तोच प्लग पुन्हा बसविताना वॉशर आधीच दबलेला असल्याने फेऱ्याचा बारावा भाग पुरतो; वॉशरऐवजी शंकूच्या आकाराची बैठक असेल, तर सोळावा. १२ व १० मिलिमीटरच्या प्लगना आवळणी याहून पुष्कळ कमी लागते. आट्यांना ग्रीस लावल्यास त्याच जोराने प्लग अधिक आवळला जातो, म्हणून निर्मात्याने सांगितल्याशिवाय ते लावू नये. सैल राहिलेला प्लगही धोक्याचा आहे. त्याची उष्णता हेडकडे जाण्याची वाटच तुटते.

मागणीपत्र आणि नोंद

वाहनाची माहितीपुस्तिका पुष्कळ कार्यालयांत गाडीच्या पेटीत न राहता कपाटात जाते आणि कालांतराने सापडत नाही. तिच्यातील प्लगचा क्रमांक, फट व बदलण्याचे अंतर या तीन गोष्टी वाहनाच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवाव्यात. मागणीपत्रात गाडीचे नाव, निर्मितीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार, इंधन, प्लगचा पूर्ण क्रमांक आणि 'किंवा त्याच्याशी तुल्य, तुल्यता तक्त्यासह' असे शब्द लिहिल्यास दरपत्रकांची तुलनाही खरी होते. तसे नसेल, तर ५ उष्णतामानाच्या व ८ उष्णतामानाच्या प्लगच्या दरांची तुलना करून कमी दराचा स्वीकारला जातो आणि कागदोपत्री सर्व काही नियमानुसार असते. बाजारात नकली प्लगही असतात. अधिकृत विक्रेत्याचे बिल घेणे आणि छपाई अस्पष्ट किंवा वॉशर सहज निघणारा प्लग परत करणे एवढे भांडारात करता येते.

बदल केल्यानंतर लॉगबुकात तारीख, किलोमीटर आणि जुन्या प्लगचा सिलिंडरवार रंग लिहावा, 'क्र. ३ तेलकट' एवढी नोंदही पुढच्या दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडते. जुने प्लग पुढील तपासणीपर्यंत क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवावेत. त्यानंतर जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तांत्रिक विषय असलेल्या शाळेत ते दिल्यास फळीवर ओळीने लावून काळा, तेलकट, पांढरा व निरोगी असे चारही प्रकार विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहता येतील. काजळीच्या प्लगची दोन टोके मल्टीमीटरला जोडून वीज कवचावरून कशी निसटते, हे दाखविणे विज्ञानाच्या एका तासिकेत सहज होते.